खेळातले नगर आणि खेळातला शिपाई



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी पुष्कळांस थोडे नवल वाटेल. इतिहासावर बोलावयास बसलेल्या मनुष्याने लढाया, तह आणि राजवंश सोडून मुलांच्या खेळांविषयी बोलत बसावे, हे काहीसे पोरकटपणाचे वाटण्याचा संभव आहे. परंतु मी इतिहासाचा पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करली, आणि माझ्या आयुष्याची बहुतेक वर्षे डहाणू तालुक्याच्या पूर्वेकडील सायवन ह्या गावी व आसपासच्या पाड्यांवर मुलांस बाराखडी आणि उजळणी शिकविण्यात गेली. मुले धड्यापेक्षा खेळातून अधिक शिकतात, हे इतक्या वर्षांच्या अनुभवाने मला पटलेले आहे. ती जे शिकतात त्यालाही एक इतिहास असतो, आणि तो इतिहास वाटतो तितका निरुपद्रवी नसतो, हे सांगावे म्हणून आज मी येथे आलो आहे.

गेल्या दिवाळीत माझा नातू चार दिवसांकरिता मुंबईहून मजकडे आला होता. तो अभियांत्रिकी विद्यालयाच्या पहिल्या वर्षात आहे. फराळाचे आटोपले की तो आपला संगणक उघडून बसे. मी जवळ जाऊन पाहिले, तो पडद्यावर एक ओसाड माळ, एक नदी आणि एक हमरस्ता. दोन घटकांत त्या माळावर रस्ते उमटले, घरे उठली, विजेचे खांब आले, आणि माणसे मुंगीएवढ्या मोटारींतून कामावर जाऊ लागली! ‘सिटीज : स्कायलाइन्स’ असे ह्या खेळाचे नाव. फिनलंड देशातील एका लहानशा मंडळीने तो रचला, आणि २०१५ साली तो प्रसिद्ध झाला. नातवाच्या आग्रहावरून मीही एक नगर वसविले. शाळा प्रथम बांधल्या, हे सांगावयास नकोच. परंतु सांडपाण्याचे तोंड नदीच्या वरच्या अंगास सोडले आणि पिण्याच्या पाण्याचा पंप खालच्या अंगास बसविला. सारे नगर आजारी पडले. रुग्णालयाच्या गाड्या रस्त्यावरील दाटीत अडकल्या, कर देणारे लोक गाव सोडून चालते झाले, आणि आमची तिजोरी रिकामी पडली. नातू पोट धरधरून हसला. मला मात्र त्या रात्री झोप लागेना. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी पंप हलविला.

हे सांगण्याचे कारण असे की, ह्या खेळाचा आनंद मी स्वतः चाखला आहे, आणि त्यास नावे ठेवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. अस्ताव्यस्त गोष्टीस आकार यावा, पाणी जेथे जावयास हवे तेथे जावे, अंधाऱ्या आळीत दिवा लागावा, हा आनंद माणसाच्या मूळ स्वभावातला आहे. आमच्या लहानपणी कल्याणास आम्ही दिवाळीत अंगणात किल्ला करीत असू, तो तरी दुसऱ्या कशासाठी? दगड-विटा रचावयाच्या, त्यांवर गोणपाट घालून चिखल थापावयाचा, अळीव पेरून हिरवळ उगवावयाची, वर सिंहासन, खाली बाजारपेठ, वाटेवर मातीचे मावळे. सहाव्या दिवशी मांजर त्यावरून चालत जाऊन अर्धा बुरूज ढासळे आणि आम्ही तो पुन्हा बांधू. नगर वसविण्याचा खेळ महाराष्ट्रातील मुलांस संगणकाने शिकविला असे कोणी म्हणेल, तर ते मला मान्य नाही.

नगर आले की रखवालदार आलाच. त्याचाही एक खेळ आमच्यापाशी होता, आणि आजच्या भाषणात मी त्यास मापाच्या काठीसारखा वापरणार आहे. म्हणून त्याचे नियम एकदा नीट सांगतो. चार चिठ्ठ्या करावयाच्या : राजा, राणी, शिपाई आणि चोर. चिठ्ठ्या उधळावयाच्या, ज्याने त्याने एक उचलावयाची. राजा प्रकट होतो, शिपाई प्रकट होतो, आणि उरलेल्या दोघांपैकी चोर कोण हे शिपायाने ओळखावयाचे. ओळखले तर त्याचे गुण त्यास मिळतात. चुकला तर ते चोराच्या नावे मांडले जातात. गावोगाव नियम थोडे निराळे असतील, परंतु सांगाडा हाच.

हा खेळ पोरांनी पोरांसाठी केलेला. पण त्यात तीन गोष्टी अशा आहेत की, मोठमोठ्या कायदेपंडितांनीही त्यांचा विचार करावा. पहिली, चोर हा जन्माने चोर नसतो. ती चिठ्ठी असते, आणि कोणाच्याही हाती येते. दुसरी, निरपराधाकडे बोट दाखविले तर दंड शिपायास होतो. तिसरी, प्रत्येक डावास चिठ्ठ्या पुन्हा उधळल्या जातात. आजचा चोर उद्याचा राजा. ह्या तीन गोष्टी लक्षात ठेवून आता आपण पुढील इतिहास पाहू.

खेळातून नीती शिकविण्याची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. मोक्षपट ज्ञानेश्वर महाराजांनी रचला, अशी परंपरा महाराष्ट्रात सांगितली जाते. त्यात शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण. हाच पट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विलायतेत गेला आणि पुढे सापशिडी होऊन परत आला. येताना घरांवरची पापपुण्ये बहुतेक गळून गेली; उरले ते फासे आणि दैव. पट तोच राहिला, पण तो काय शिकवितो हे बदलले. खेळ एका हातून दुसऱ्या हाती गेला की असे होते.

ह्याहून ठळक उदाहरण आपल्या घराघरांत आहे. ‘व्यापार’ नावाचा पट आपण सर्वांनी खेळलेला असेल. शहरे विकत घ्यावयाची, त्यांवर घरे बांधावयाची, दुसऱ्याकडून भाडे वसूल करावयाचे. आणि एका कोपऱ्यात तुरुंग. नगर आणि शिपाई दोन्ही एकाच पटावर! ह्या खेळाचा मूळ पुरुष अमेरिकेत शोधावा लागतो, आणि तो पुरुष नसून स्त्री आहे. एलिझाबेथ मॅगी ह्या बाईंनी १९०४ साली ‘जमीनदाराचा खेळ’ अशा नावाने त्याची सनद घेतली. जमीन थोड्यांच्या हाती गोळा झाली म्हणजे बाकीच्यांची कशी धूळधाण होते, हे खेळणाऱ्यास खेळता खेळता कळावे, हा त्यांचा हेतू होता. पुढे १९३५ साली एका मोठ्या खेळणी-कंपनीने तो ‘मोनॉपली’ ह्या नावाने बाजारात आणला. बाईंचा इशारा मागे पडला आणि जो सर्वांस भिकेस लावील तो जिंकला, एवढेच राहिले. जमीनदारीचा दोष दाखविण्यासाठी काढलेला खेळ जमीनदार होण्याची हौस भागविणारा खेळ झाला! डहाणूत राहणाऱ्या मनुष्यास ही कथा विसरता येत नाही. का, ते पुढे येईलच.

आता संगणकातील नगराकडे वळू. विल राइट नावाचे एक अमेरिकन गृहस्थ १९८४ साली एक युद्धाचा खेळ रचीत होते. खेळणाऱ्याने हेलिकॉप्टरातून बेटांवर बाँब टाकावयाचे. ती बेटे रचण्यासाठी त्यांनी एक साधन केले होते, आणि त्यांच्या असे ध्यानात आले की, बेटे उद्ध्वस्त करण्यापेक्षा ती वसविण्यातच आपणांस अधिक मौज वाटते. ह्या एका साध्या जाणिवेतून ‘सिमसिटी’ हा खेळ निघाला. त्यात जिंकणेही नाही आणि हरणेही नाही. म्हणून पुष्कळ काळ त्यास प्रकाशकच मिळेना. अखेरीस १९८९ साली तो प्रसिद्ध झाला, आणि जगभर लक्षावधी लोक संगणकाच्या पडद्यावर नगराध्यक्ष होऊन बसले.

परंतु नगर वसवावयाचे म्हणजे ते कोणत्या नियमाने वाढते हे आधी कोणीतरी ठरवावयास हवे. राइट ह्यांनी पुस्तके चाळली. त्यांत जे फॉरेस्टर ह्या अभियंत्याचा १९६९ सालचा ‘अर्बन डायनॅमिक्स’ हा ग्रंथ होता. शहर हे एक यंत्र आहे, त्याची समीकरणे मांडता येतात, असा त्याचा रोख. गरिबांसाठी स्वस्त घरे बांधल्याने शहराचे भले न होता ते खालावतेच, असा निष्कर्ष फॉरेस्टर ह्यांनी त्या समीकरणांवरून काढला, आणि त्यावर पुष्कळ टीकाही झाली. सांगण्याचा मुद्दा इतकाच की, खेळातील नियम हे निसर्गाचे नियम नव्हेत. ते कोणाच्या तरी टेबलावर, कोणाचे तरी मत म्हणून जन्मास आलेले असतात.

ह्या खेळाची आतली मांडणी पुढे सर्वांस पाहावयास खुली झाली, ती २००८ साली. गरीब देशांतील मुलांस स्वस्त संगणक मिळावा अशी एक योजना त्या वेळी निघाली होती, तिच्याकरिता ‘मायक्रोपोलिस’ ह्या नावाने ती मुक्त करण्यात आली. त्या संगणकाचा आपल्या देशातील पहिला प्रयोग ह्याच महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्यातील खैरात ह्या वाडीच्या शाळेत, २००७ साली झाला होता. खेळातील गुन्हेगारी कशी ठरते, हे त्या मांडणीत स्वच्छ दिसते. नियम असा : जेथे जमिनीचा भाव कमी, तेथे गुन्हा अधिक. जेथे वस्ती दाट, तेथे गुन्हा अधिक. आणि जेथे पोलीसचौकी जवळ, तेथे गुन्हा कमी. बस्स! ना न्यायालय, ना मजुरीचा दर, ना भूक, ना साक्षीदार. ह्या १९८९ च्या नगरात नगराध्यक्षास चौकी बांधता येई, अग्निशामक ठाणे बांधता येई, खेळाचे भव्य मैदानही बांधता येई. परंतु शाळा बांधता येत नसे. मास्तर म्हणून मला हे बोचते. पुढील आवृत्त्यांत शाळा आल्या, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

आमच्या चिठ्ठ्यांची काठी येथे लावून पाहा. चोराची चिठ्ठी येथे उधळली जात नाही. ती स्वस्त जमिनीवर राहणाऱ्याच्या हाती आधीच ठेवलेली आहे. शिपायाकडून चूक होतच नाही, कारण शिपाई हा मनुष्य नसून नकाशावरचे एक वर्तुळ आहे. आणि डाव फिरत नाही. नगराध्यक्ष कधीच रहिवासी होत नाही.

कोणी म्हणेल, खेळच तो. एवढा विचार कशास? परंतु हाच नियम खेळाबाहेर, खऱ्या कायद्याच्या पुस्तकात लिहिलेला आपण पाहिला आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याअन्वये काही जातींत जन्मास येणे हाच अपराध ठरला. पारधी, कैकाडी, बेरड ह्यांसारख्या लोकांनी हजेरी द्यावी, परवान्यावाचून गाव सोडू नये, असा निर्बंध झाला. सोलापुरास तर तारेच्या कुंपणात त्यांची वसाहत होती. स्वराज्य आल्यावर १९५२ साली तो कायदा देशभर रद्द झाला, आणि त्या लोकांस ‘विमुक्त’ म्हणू लागले. कायदा गेला, संशय एका दिवसात गेला नाही. चिठ्ठी एकदा कपाळास चिकटविली की ती सोलून काढावयास पिढ्या लागतात.

दुसऱ्या नियमाचे, म्हणजे शिपायाच्या चुकीबद्दलच्या दंडाचे, उदाहरण आपल्या इतिहासात प्रसिद्ध आहे. नाना फडणविसांच्या काळी पुणे शहराची कोतवाली घाशीराम ह्याजकडे होती. रात्रीची गस्त, परवाने, जुगारास बंदी, सारे काही त्याच्या हाती. १७९१ साली त्याच्या लोकांनी काही तेलंगी ब्राह्मणांस एका कोठडीत कोंडले, आणि त्यांपैकी कित्येक गुदमरून मेले. लोक खवळले, आणि त्याच कोतवालास दगडांनी ठेचून मारण्यात आले. ह्यास न्याय म्हणावे की दुसरा अन्याय, हा प्रश्न निराळा. परंतु रखवालदारावर रखवाली ठेवण्याची सोय नगरात आधीपासून नसली म्हणजे तिचा जाब असा रस्त्यावर विचारला जातो, एवढे त्यावरून कळते.

आता माझ्या नातवाच्या दुसऱ्या खेळाविषयी. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’, म्हणजे मोटारींची चोरी, असे त्याचे नाव. त्याची पाचवी मालिका २०१३ साली निघाली आणि २०१५ साली ती घरगुती संगणकावर आली. लॉस एंजेलिसच्या धर्तीवर एक संपूर्ण शहर त्यात उभारले आहे, आणि खेळणाऱ्याने त्यात चोर, दरोडेखोर व्हावयाचे. हा खेळ प्रौढांसाठी आहे, तो लहान मुलांच्या हाती देऊ नये, हे मी येथेच सांगून ठेवतो. परंतु मला मौज वाटली ती निराळ्या गोष्टीची. काही खेळणाऱ्यांना चोर होण्याचा कंटाळा आला. त्यांनी आपण होऊन त्या खेळात फेरबदल केला. अशा फेरबदलास ‘मॉड’ म्हणतात. ‘एलएसपीडीएफआर’ हे त्या मॉडचे नाव. तो जोडला की खेळणारा चोर न राहता पोलीस होतो. गस्तीच्या गाडीत बसावयाचे, बिनतारी संदेश ऐकावयाचा, भरधाव मोटार अडवावयाची, चालकाचा परवाना पाहावयाचा, आणि मग सोडावयाचे, दंड करावयाचा की पकडावयाचे हे आपणच ठरवावयाचे. कोणी गाडीवर आपल्या देशातील पोलिसांचे रंग चढवितात, कोणी गणवेश शिवतात. बस चालविण्याच्या खेळांत तर आपल्या राज्य परिवहनाची लाल गाडीही कोणी हौशी मंडळींनी अशीच आणली आहे. हे सारे बहुधा फुकट, केवळ आवडीने.

ह्या मॉडविषयी मला आदर वाटतो, आणि तो का, हे सांगतो. चोराची चिठ्ठी हाती आलेल्या खेळणाऱ्याने येथे स्वतःच चिठ्ठ्या पुन्हा उधळल्या. ज्याने खेळ रचला त्याचा नियम अखेरचा नव्हे, तो बदलता येतो, हे त्याने दाखविले. माझा नातू रात्री अकरा वाजता एका गाडीवाल्यास अडवून अदबीने परवाना मागत होता, आणि कागदपत्र ठीक निघाल्यावर त्यास जाऊ देत होता. पाठलाग नाही, गोळी नाही. मी विचारले, “ह्यात कसली रे मौज?” तो म्हणाला, “आजोबा, नीट काम केल्याची मौज.” उत्तर मला आवडले.

परंतु तरीही एक गोष्ट उरते. त्या खेळात चुकीच्या माणसास पकडले तर पुढे त्या माणसाचे काय होते? त्याच्या घरी कोण वाट पाहत असते? खेळ तेथे थांबतो. आणि नेमके तेथूनच आमच्या सायवनच्या बाजूचा इतिहास सुरू होतो.

मी येथे नवीन आलो त्या वर्षीची गोष्ट. शाळेच्या मधल्या सुट्टीत मी मुलांस चोर-शिपायाचा पळापळीचा खेळ लावून दिला. शहरात शिपाई निघाला की चोर पळतात आणि बाकीचे उभे राहून गंमत पाहतात. येथे शिपाई निघाल्याबरोबर सारीच्या सारी मुले पळाली. चोर पळाले, साव पळाले, आणि ज्यांस काहीच नेमून दिले नव्हते तीही पळाली. मी एकास बोलावून विचारले, “तू का पळालास? तू तर चोर नव्हतास.” त्याने मजकडे असे पाहिले की, गुरुजींस एवढेही कळत नाही! शिपाई आला की आधी पळावयाचे, चोर कोण हे मागाहून पाहावयाचे, असे त्याचे म्हणणे. त्याच्या आजाने त्यास हेच शिकविले होते. खाकी दिसली, मग ती पोलिसाची असो की जंगलखात्याची, की झाडी गाठावयाची.

आजाने असे का शिकवावे, ह्याचे उत्तर इतिहासात आहे. डहाणू, तलासरी, उंबरगाव ह्या पट्ट्यातील वारल्यांच्या जमिनी एकोणिसाव्या शतकात हळूहळू जमीनदार व सावकारांच्या हाती गेल्या. मूळचे कसणारे कुळे झाले, आणि कुळांस वेठ आली. लग्नासाठी थोडे पैसे उसने घेतले तर नवराबायको दोघांनी धन्याच्या घरी राबावयाचे. अशास ‘लग्नगडी’ म्हणत. एलिझाबेथबाईंचा ‘जमीनदाराचा खेळ’ येथे पटावर नव्हे, माणसांवर खेळला जात होता, आणि फासे नेहमी एकाच हाती होते. सिमिंग्टन नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्यास मुंबई सरकारने १९३७ च्या सुमारास ह्या भागांची पाहणी करावयास नेमले होते. त्यानेही आपल्या अहवालात वेठीची नोंद केली आहे.

पुढे २३ मे १९४५ रोजी, सांप्रतच्या तलासरी तालुक्यातील झरी ह्या गावी वारल्यांची मोठी परिषद भरली. किसान सभेचे शामराव परुळेकर आणि गोदावरीबाई परुळेकर ह्यांचा त्यात पुढाकार होता. वेठ करावयाची नाही, असे तेथे ठरले. त्याच पावसाळ्यानंतर गवत कापण्याच्या मजुरीसाठी संप झाला. पाचशे पौंड गवतास अडीच रुपये, एवढीच मागणी. ऑक्टोबर महिन्यात तलवाडा येथे हजारो वारली जमले असता पोलिसांनी त्यांजवर गोळीबार केला आणि पाच जण ठार झाले. जेठ्या गांगड हे त्यांतील एकाचे नाव. गोदावरीबाईंनी हा सारा इतिहास ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या ग्रंथात १९७० साली लिहून ठेविला.

श्रोतेहो, खेळाच्या नियमाने पाहिले तर येथे काय करावयास हवे होते? जमीन स्वस्त, गडबड अधिक. तेव्हा आणखी एक चौकी. वस्तुतः शांतता आली ती चौकीने नव्हे. वेठ मोडली, मजुरीचा दर वाढला, पुढे कुळकायदे आले, तेव्हा ती आली. पाचशे पौंड गवतास किती दाम, हा आकडा विल राइट ह्यांच्या मांडणीत कोठेच नाही; आणि ह्या मुलुखात सर्वांत महत्त्वाचा आकडा तोच होता.

नगर वसविण्याचेही असेच. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल ह्यांनी मुंबईच्या खाडीपलीकडे नवे नगर वसवावे, अशी योजना ‘मार्ग’ ह्या नियतकालिकात मांडली. कल्पना भव्य होती आणि हेतू चांगला होता. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण ह्या भागांतील ९५ गावांची जमीन नव्या मुंबईसाठी घेण्याचे ठरले. संगणकात ह्या कामास किती वेळ लागतो? एका कळीचा. माळ नेहमीच ओसाड असतो. त्यावर आधीचे कोणी नसतेच, आणि असले तर एक बुलडोझरचे चित्र असते, ते फिरविले की झाले. खऱ्या माळावर भातखाचरे होती, मिठागरे होती, आगरी आणि कोळी होते. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली तेथील शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात पोलिसांचा गोळीबार झाला, त्यात पाच जण मृत्यू पावले. तलवाड्यासही पाच, येथेही पाच. त्या आंदोलनातूनच, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकास परत देण्याचा नियम पुढे आला. म्हणजे नगराच्या नियमांच्या पुस्तकात एक कलम त्या गावच्या लोकांनी भरीस घातले. ह्यास मी इतिहासातील मॉड म्हणतो. फरक इतकाच की, त्याची किंमत रक्ताने द्यावी लागली.

आमच्या जिल्ह्यातही हा डाव पुन्हा मांडला जात आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा निराळा झाला, आणि त्याच्या मुख्यालयाचे नवे नगर आखण्याचे काम सिडकोकडेच आले. डहाणू तालुक्यास १९९१ साली पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक प्रदेश म्हणून संरक्षण मिळाले. त्याच तालुक्याच्या किनाऱ्यावर वाढवण येथे ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाचे बंदर बांधण्यास जून २०२४ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. मासेमारांचा त्यास विरोध आहे. बंदराने कामधंदा येईल असे म्हणणारेही आहेत. ह्या वादात न्यायाधीश होण्याची माझी पात्रता नाही. मला एवढेच वाटते की, ज्यांनी हे निर्णय करावयाचे ते आज-उद्याचे तरुण, माझ्या नातवासारखे, घटका घटका अशी नगरे पडद्यावर वसवीत मोठे झालेले असतील. नकाशा नेहमी वरून पाहावयाचा, ही त्यांच्या डोळ्यांस सवय लागलेली असेल.

वरून न पाहताही गाव दाखविता येते, हे ह्याच तालुक्याने जगास शिकविले आहे. गंजाडचे जिव्या सोमा मशे ह्यांस वारली चित्रकलेबद्दल २०११ साली पद्मश्री मिळाली; २०१८ साली ते निवर्तले. वारली चित्रात गाव असते, शेत असते, तारपा वाजविणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांचे कडे असते. त्यात कोणी मध्यभागी उंच सिंहासनावर बसलेला नसतो. मुंगीही माणसाच्याच निगुतीने काढलेली असते. माझ्या शाळेतल्या पोरांनी पाटीवर काढलेल्या गावांत झोपड्या असत, कणगे असत, माड-ताड असत, कोंबड्या तर असतच असत. चौकी मात्र मला कधी आढळली नाही.

दिवाळीच्या शेवटच्या दिवशी पाड्यावरची तीन-चार मुले माझ्याकडे आली होती. मी नातवास म्हटले, “तुझा संगणक ठेव थोडा बाजूला, आमचा खेळ खेळून पाहा.” कागदाच्या चार चिठ्ठ्या केल्या, उधळल्या. नातवास शिपाई आला; मोठ्या विश्वासाने त्याने समोरच्या सर्वांत मळक्या सदऱ्याच्या मुलाकडे बोट दाखविले. ती राणी निघाली. पोरे ओरडली, गुण गेले चोराकडे, आणि चोर होता मी! नातू हसला, मग थोडा गप्प झाला. “आजोबा, माझ्या खेळात असं होत नाही,” तो म्हणाला.

होत नाही, हे खरेच. म्हणून आपल्या घरची मुले ही नगरे वसवीत असतील, ह्या गस्ती घालीत असतील, तर त्यांस रागावू नका. जमल्यास शेजारी बसा. पंप कोठे बसवावा हे शिकून घ्या. आणि मधूनच सहज विचारा की, हा नियम कोणी लिहिला? ह्या माळावर आधी कोण राहत होते? शिपाई चुकला तर गुण कोणाचे जातात? ज्या मुलास हे तीन प्रश्न पडतात, त्याच्या हाती उद्या खरे नगर सोपविण्यास मला भीती वाटणार नाही.